आईचे तीन एको आणि फुकट वाटलेला कुंदा

मागच्या आठवड्यात काउंटरवर आवाज चढवून आलोय, डोकं थंड व्हायच्या आत लिहून टाकतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतलं प्रेशर बघायला आठ महिन्यांत आईचे तीन टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाले, दरवेळी 1800 रुपये, वर खानापूरहून बेळगावला हेलपाटा. आईचं बसचं तिकीट शक्ती योजनेत (कर्नाटकात बायकांना बस फुकट) झिरो, माझं मात्र लागतंय की.

पहिल्या रिपोर्टात प्रेशर 51. जन्मभर चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली बाई, धुरानं फुप्फुसं गेली आणि त्याचा ताण हृदयाच्या उजव्या बाजूला आला म्हणाले. पाच महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला 44. सात उतरलं! मी खुशीत अर्धा किलो कुंदा घेतला, गल्लीत वाटला, मामाला फोन केला.

रात्री दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले तर हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतनं मागं गळणाऱ्या रक्ताचा वेग दोन्हीकडं सेकंदाला 3.2 मीटर, तस्साच! एको प्रेशर थेट मोजतच नाही हो, त्या वेगाचा वर्ग करून चारनं गुणतात, म्हणजे 41, आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्यातल्या प्रेशरचा अंदाज मिळवतात. पहिल्यांनी डोळे झाकून 10 मिळवले होते. दुसऱ्यांनी पोटातली मोठी शीर बघितली, आईला म्हणाले नाकानं जोरात हुंगा, तिला वाटलं सर्दी आहे का विचारतायत, ती म्हणाली नाही हो. शीर 21 मिलिमीटरच्या आत आणि हुंगल्यावर निम्म्याहून जास्त दबली, म्हणून 3 मिळवले. झालं, सात गायब. 10 कुठनं आणले ते पहिल्या रिपोर्टात एका ओळीत लिहिलं असतं तर माझा कुंदा वाचला असता. आईच्या दम्यापेक्षा त्या 10 नंच माझी झोप जास्त घालवली, बायको म्हणते तुला वेड लागलंय.

आता भांडण. तिसऱ्या वेळी जेल लावून, कुशीवर वळवून, 'उसिरु हिडीरी' म्हणत पाऊण तास प्रोब फिरवला (आईला बाजारापुरतं कन्नड येतंय, तिनं दम धरला आणि खोकलीच) आणि रिपोर्टात प्रेशरच्या जागी काय, तर मोजता आलं नाही. मी पैसे परत मागितले. काउंटरवरची म्हणाली, मशीन लावलं की चार्ज लागतो. मग माझं तोंड सुटलं.

आवाज ऐकून आतनं डॉक्टर बाहेर आले, मला खोलीत नेलं, आणि तिथं माझं मत फिरलं. म्हणाले, फुप्फुसं फुगलेली असली की हृदय दिसायला खिडकी नीट मिळत नाही, झडपेची गळती थोडी असली की वेगाची रेघ अर्धवट येते, आणि प्रोब तिरका पडला तर वेग कमीच दिसतो. अशी रेघ मोजून आकडा छापण्यापेक्षा न छापलेला बरा. पण आकडा नाही म्हणजे प्रेशर नाही असंही नाही. स्क्रीनवर दाखवलं, उजवा खालचा कप्पा मोठा झालाय, मधला पडदा दाबला जाऊन डावा कप्पा इंग्रजी डी सारखा दिसतोय, टॅप्सी, म्हणजे उजवा कप्पा आकसताना किती मिलिमीटर हलतो ते, 15, 17 तरी पाहिजे. हे सगळं रिपोर्टात खाली लिहिलेलं होतं, मीच वरची रिकामी जागा बघून पेटलो होतो. सॉरी म्हणालो. पैसे तरीही मिळाले नाहीत.

एको संशय सांगतो, पक्कं करायचं तर कॅथ, म्हणजे शिरेतनं नळी घालून आत थेट मोजायचं, सरासरी 20 च्या वर असेल तर आजार. नुसत्या एकोवर गोळी चालू करणार नाही म्हणाले. परवा कॅथ केलं, सरासरी 29 आली. संध्याकाळी मामाचा फोन, "अरे, 51 चे 29 झाले की, निम्म्यावर आलं! यावेळी कुंदा कुठाय?" एकोतला आकडा वरचा (बीपीत वरचा असतो तसा) आणि कॅथमधला सरासरी, दोन्ही वेगळे, हे अर्धा तास समजावलं. मामा म्हणाला, "ते असू दे, पण उतरलं की नाही?"