‘पोलीस व्हेरिफिकेशन झालंय’ म्हणाले आणि मी विश्वास ठेवला

बाबांना अर्धांगवायूनंतर डिस्चार्ज मिळाला त्याच संध्याकाळी मी घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला. चोवीस तासांची बाई हवी होती, माझी रजा संपली होती. नोंदणीचे ६,५००, पोलीस व्हेरिफिकेशनचे २,०००, महिन्याचे आगाऊ २४,०००. एकूण ३२,५०० रुपये, सगळे यूपीआयने. पावती मागा, आणि त्यावर पैसे कशाचे हे लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं ‘सेवाशुल्क’ आहे.

ब्युरोवाले कसे बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या हातात कागद होता. ब्युरोने पाठवलेल्या मावशींनी आल्या आल्या चारित्र्य प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. फोटोच्या जागी काळा डाग. पत्ता परभणीचा. दुपारी बाबांना मऊ भात भरवताना त्या म्हणाल्या, “आमच्या खामगावला यात ताक घालतात.” मी विचारलं, “तुम्ही परभणीच्या ना?” “ते सासर हो, ताई.” आणि मी गप्प बसले! तेव्हाच मूळ प्रमाणपत्र आणि आधार समोर ठेवायला लावायचं होतं. ते वाक्य आजही रात्री आठवतं. पण दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा माणूस घरात असताना कोण उलटतपासणी घेत बसतं? मी निष्काळजी नव्हते, थकले होते.

नवव्या दिवशी ती चोरी करून पळाली. आईच्या दोन पाटल्या, कपाटातले ११,३०० आणि एटीएममधून काढलेले ४०,०००. कार्ड औषधं आणायला मीच दिलं होतं. औषधालासुद्धा देऊ नका.

ठाण्यात पहिला प्रश्न, “बाई ठेवताना आम्हाला का नाही कळवलंत?” मग “ब्युरो दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा.” हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते दाखवलं, तर साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. चार हेलपाटे घातले. तो प्रमाणपत्राचा क्रमांक दुसऱ्याच बाईचा निघाला, तरीही एफआयआर नाही. नाकारलं तर वरिष्ठांना लेखी पाठवा, पोच जपा. ब्युरो म्हणतो, “आम्ही फक्त मध्यस्थ.” मग २,००० कशाचे घेतले? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे.

गेटवरच्या सिक्युरिटी गार्डची चारित्र्य पडताळणी २००५ च्या कायद्याने सक्तीची आहे. बाबांच्या उशाशी झोपणाऱ्या बाईची नाही. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद असलेलं ज्येष्ठ नागरिकांचं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं. म्हणून बाईचा फोटो आणि आधार घेऊन स्वतः ठाण्यात जा, ब्युरोवर सोडू नका.

ब्युरोचा नंबर अजून चालू आहे. काल मैत्रिणीला फोन करायला लावला. व्हेरिफिकेशनचे आता २,५०० घेतात.