पाचव्या आवर्तनाची सम : टॅब्लेटवरील सिंथ आणि सिक्वेन्सरचा अकरा महिन्यांचा अनुभव

अकरा महिने टॅब्लेटवर सिंथ (इलेक्ट्रॉनिक रीतीने नाद घडवणारे वाद्य) आणि सिक्वेन्सर (लावून दिलेला स्वरांचा क्रम पुन्हा पुन्हा वाजवणारे साधन) यांच्या ॲपवर काम केल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे, त्याला निमित्त बासच्या एका स्वराचे झाले. लय मिनिटाला ९६ ठोके, आवर्तनाचा पॅटर्न सोळा स्टेपचा, म्हणजे सोळा समान घरांचा, आणि पहिल्याच स्टेपवर बासचा षड्ज. चार आवर्तने सगळे सुरळीत वाजे आणि पाचव्या आवर्तनाच्या समेवर तो षड्ज लागतच नसे. तालातली किक वाजे, हायहॅट वाजे, वरचा पॅड, म्हणजे लांब धरलेला स्वर, अखंड सुरू राही. सर्वांनी जिथे एकत्र यायचे नेमक्या त्याच क्षणी खालचा आधार नाहीसा होई. रचना बांधताना दोन-तीन आवर्तने ऐकून थांबायची मला सवय असल्याने हे आधी कळलेच नाही. सहा मिनिटांची रचना पूर्ण ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकायला बसले तेव्हा कळले. सहा मिनिटांत १४४ आवर्तने होतात आणि त्यांतल्या पस्तीस समा रिकाम्या होत्या. त्यानंतर अनेक आठवडे या ॲपविषयी माझ्या मनात दुसरा विचार नव्हता, त्यामुळे या लिखाणाचा मोठा भागही त्या समेलाच द्यावा लागणार आहे.

टॅब्लेटचा प्रोसेसर, पडद्याचा आकार वगैरे माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, ती येथे पुन्हा देत नाही. माझी मांडणी साधी आहे. एयूएम हे होस्ट, म्हणजे इतर ॲप आपल्या आत उघडणारे ॲप मध्यभागी, त्यात एयूव्ही३ या होस्टच्या आत चालणाऱ्या स्वरूपात उघडलेले सिंथ, आणि त्या सिंथना स्वर पाठवणारा एक सिक्वेन्सर. सिंथपैकी सर्वाधिक वापर मूग कंपनीच्या मॉडेल डी आणि ॲनिमूग या दोघांचा होतो. सिक्वेन्सरचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तो एकाच व्यक्तीने बनवलेला आहे, दोष आता दुरुस्त झालेला आहे, आणि जुन्या तक्रारीमुळे नव्या वापरणाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवावी असे मला वाटत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत माझी मुख्य तक्रार काचेविषयी होती. मूळ मिनीमूग मॉडेल डी १९७० सालचा. त्याचे तीन ऑसिलेटर आणि फिल्टरचे बटण हातात धरून फिरवायचे, त्याचा अडसर बोटांना जाणवायचा. काचेवर असे काही नाही, बोट सरकते आणि आकडा बदलतो. मी बराच काळ फिल्टरला हात लावायचे टाळत होते, कारण डोळे पडद्यावर खिळवल्याशिवाय कटऑफ, म्हणजे फिल्टर नाद जिथून कापतो ती मर्यादा, कुठे आहे ते समजत नसे. हे मत पुढे बदलले, ते ॲनिमूगमुळे. त्यात पट्टीवर बोट टेकवून स्वर लागल्यानंतर तेच बोट पट्टीवर वर किंवा खाली सरकवले की त्या एका स्वराचा नाद बदलतो, बाकीचे दाबलेले स्वर जसेच्या तसे राहतात. एका रात्री तीन स्वरांचा संवाद धरून मधले बोट नखभर वर नेले, तेव्हा मधला स्वर उघडत गेला आणि बाजूचे दोन तसेच मिटलेले राहिले. हे करायला काचच हवी होती, बटणाने ते साधत नाही. काचेविषयीची तक्रार मी तिथे मागे घेतली.

समेचा शोध मात्र फार चुकीच्या वाटेने सुरू झाला. प्रथम टॅब्लेटवर संशय आला. बाकीची ॲप बंद केली, टॅब्लेट पुन्हा सुरू केला, सूचना बंद ठेवल्या. फरक पडला नाही. मग बफर, म्हणजे आवाजाचे नमुने ज्या गठ्ठ्यांनी पुढे पाठवले जातात त्या गठ्ठ्याचा आकार, बदलून पाहिला. २५६ वर दर चार आवर्तनांनी सम जात होती. बफर १२८ केला तर दर दोन आवर्तनांनी जाऊ लागली आणि ६४ वर प्रत्येक आवर्तनाला. लहान बफरमध्ये प्रोसेसरवर ताण वाढतो हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे टॅब्लेट जुना झाला असा सरळ निष्कर्ष मी काढला आणि नव्याची चौकशीही सुरू केली. चालू वस्तू टाकून नवी घेणे मला मनापासून नकोसे वाटते. त्या नकोशा वाटण्यामुळेच मी आणखी एकदा तपासायचे ठरवले. तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. प्रोसेसर कमी पडला की आवाज तडकतो. इथे एकदाही तडकला नव्हता, आणि होस्टमधला भाराचा आकडा पंचवीस टक्क्यांच्या वर गेला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की ताणामुळे होणारी चूक कधीही होते, ती आवर्तने मोजून होत नाही.

खरा धागा दुसऱ्या एका रचनेने दिला. तिथेही लय ९६ आणि बफर २५६ होता, पण सम कधीच जात नव्हती. दोन्ही पॅटर्न शेजारी ठेवून पाहिले तर फरक एवढाच होता की चांगल्या पॅटर्नची सोळावी स्टेप पंचमावर संपत होती आणि बिघडलेल्या पॅटर्नची सोळावी स्टेपही षड्जावर होती, गेट (स्टेपचा किती भाग स्वर धरायचा ते प्रमाण) १०० टक्के. म्हणजे शेवटचा षड्ज ज्या क्षणी संपायचा, त्याच क्षणी पहिला षड्ज सुरू व्हायचा. मिडीचे, म्हणजे वाद्ये आणि ॲप एकमेकांना स्वर कळवतात त्या भाषेचे, संदेश ओळीने दाखवणारे एक ॲप मध्ये बसवले आणि यादी वाचत बसले. चार आवर्तनांपर्यंत क्रम योग्य होता : आधी जुना षड्ज बंद, मग नवा सुरू. पाचव्या आवर्तनाच्या आरंभी मात्र आधी नवा षड्ज सुरू झाला आणि लगेच पाठोपाठ ‘षड्ज बंद’ असा संदेश आला. सिंथने तो आज्ञाधारकपणे पाळला होता.

याचे मूळ मिडीच्या रचनेतच आहे. १९८३ साली ठरलेल्या या भाषेत स्वर सुरू करण्याच्या संदेशात चॅनेल, स्वराचा क्रमांक आणि आघाताचा जोर एवढेच असते. बंद करण्याच्या संदेशातही जवळपास तेच. एकाच क्रमांकाचे दोन स्वर पाठोपाठ आले तर बंद करण्याचा संदेश त्यांपैकी कोणासाठी आहे, हे सांगायची सोय त्यात नाही. ‘३६ बंद’ म्हटले की जो ३६ वाजत असेल तो बंद होतो. किक मात्र का वाचत होती, याचेही उत्तर इथेच मिळाले. तालवाद्याचे आधीच मुद्रित केलेले आवाज बहुधा एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत वाजतात, बंद करण्याच्या संदेशाकडे ते लक्ष देत नाहीत. पॅडचा स्वर तर आवर्तनाच्या सांध्यावर बदलतच नव्हता. सापडला तो एकटा बास.

आता प्रश्न उरला तो दर चार आवर्तनांचा. मी प्रोग्रॅमर नाही, परंतु हा हिशेब कागदावर सुटण्यासारखा होता. ९६ च्या लयीत चार ठोक्यांचे आवर्तन अडीच सेकंदांचे. टॅब्लेटला जोडलेले आवाज आत-बाहेर नेणारे माझे ऑडिओ इंटरफेस आवाजाच्या सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालते, म्हणजे एका आवर्तनात १,२०,००० नमुने. त्यांना २५६ ने भागले की ४६८ पूर्ण बफर आणि वर पाऊण बफर येतो. पहिल्या आवर्तनाचा शेवट बफरच्या पाऊण भागावर, दुसऱ्याचा अर्ध्यावर, तिसऱ्याचा पावावर, आणि चौथ्याचा बरोबर दोन बफरच्या सीमेवर पडतो. १२८ ला भागले तर अर्धा उरतो, म्हणून दर दोन आवर्तनांनी सीमा गाठली जाते. ६४ ला भागले तर काहीच उरत नाही, म्हणून दर आवर्तनाला. हिशेब खरा असेल तर ५१२ वर आठ आवर्तनांनी एकदा सम जायला हवी होती. बफर ५१२ केला, बोटांवर आवर्तने मोजत बसले, आणि नवव्या आवर्तनाच्या समेवर बास गेला. एवढ्या मनस्तापानंतर चूक ठरल्या जागी घडताना पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही. सांधा दोन बफरच्या सीमेवर आला की जुन्या स्वराचा बंद संदेश पुढच्या बफरमध्ये ढकलला जात होता आणि तिथे तो नव्या स्वराच्या मागे रांगेत उभा राहत होता.

सिक्वेन्सर बनवणाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार सुरुवातीला कडवट होता आणि त्यात माझाही रोष होता. पहिल्या पत्राला उत्तर आले की ॲप काढून पुन्हा बसवून पाहावे. तसे केले, उपयोग झाला नाही. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी कळवले की १२० च्या लयीत आणि २५६ च्या बफरवर वीस आवर्तने ऐकूनही दोष आढळला नाही. या उत्तराचा मला फार राग आला होता. हिशेब जमल्यावर तिसरे पत्र लिहिताना प्रथम एवढेच विचारले की त्यांचा टॅब्लेट सेकंदाला किती नमुन्यांवर चालतो. उत्तर आले, ४४,१००. त्या आकड्यावर १२० ची लय आणि २५६ चा बफर घेतला तर सांधा सीमेवर यायला बत्तीस आवर्तने, म्हणजे एक मिनिट चार सेकंद लागतात. ते त्याआधीच थांबले होते. ४८,००० वर हीच लय ठेवली तर प्रत्येक आवर्तनाला सम जाते, तसे करून पाहावे असे मी सुचवले. त्याच संध्याकाळी दिलगिरी व्यक्त करणारे उत्तर आले आणि नऊ दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली. त्या माणसाने खोटे काही सांगितले नव्हते, त्याच्या टॅब्लेटवर दोष खरोखरच दिसत नव्हता. माझ्या दुसऱ्या पत्रातली भाषा त्याला लागू नव्हती, हे मी त्याला कळवले आहे.

दुरुस्ती विचारपूर्वक केलेली आहे. एकाच क्रमांकाचे दोन स्वर जुळून आले तर आता जुना आधी बंद होतो. वेगळे स्वर असतील तर मात्र नवा स्वर आधी सुरू होतो आणि जुना त्यानंतर सुटतो, त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणे शाबूत राहते. सरसकट ‘बंद आधी’ असा नियम लावला असता तर सम परत आली असती पण बासमधली मींड गेली असती.

इतर बाबी थोडक्यात सांगते. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवता येत नाही. बोट टेकल्यानंतर आवाज इतक्या उशिरा येतो की लय हातात राहत नाही. तयार झालेले ऐकायला ते चालतात. ऑडिओ इंटरफेस आणि चार्जर एकाच हबवर लावले की माझ्याकडे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हबला भिंतीऐवजी पॉवर बँकेवरून वीज दिली की तो जातो. होस्टमध्ये सत्र जतन होते, पण त्यातले एखादे ॲप पुढे नाहीसे झाले तर त्याचा आवाजही गेला, म्हणून प्रत्येक वाद्य वेगळे ध्वनिमुद्रित करून ठेवल्याशिवाय मी रचना पूर्ण झाली असे मानत नाही. नवे सिंथ घेताना ते एयूव्ही३ म्हणून उघडते का, हे आधी पाहावे. ॲपमधला आवाज एकमेकांत नेण्याची आयओएसवरची जुनी इंटर-ॲप ऑडिओ पद्धत २०१९ मध्येच कालबाह्य ठरवली गेली आहे.

खर्चाविषयी माझे मत ठाम आहे. एकदा पैसे देऊन कायमचे मिळणारे ॲप मी घेते, दरमहा वर्गणी मागणारे घेत नाही, कारण ज्या महिन्यात काही सुचत नाही त्या महिन्याचेही पैसे द्यावे लागतात आणि वर्गणी थांबवली की आपल्याच रचना उघडता येतील की नाही याची धास्ती राहते. तरीही सवलतीच्या मोहात मी तेवीस ॲप घेतली आणि त्यांतली रोज उघडते ती चार. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सांगेन की एक होस्ट, एक सिक्वेन्सर आणि दोन सिंथ एवढ्यावर सहा महिने काढावेत.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. दोषाचे कारण कळल्यावर आणि दुरुस्ती येण्याआधी मी तात्पुरता उपाय म्हणून सर्व बासचे गेट १०० वरून ९६ टक्क्यांवर आणले होते. ९६ च्या लयीत एक स्टेप १५६ मिलिसेकंदांची, त्यातले सहा सुटले म्हणजे एका बफरपेक्षा थोडे अधिक; सम वाचली, पण स्वर एकमेकांपासून तुटले आणि मींड गेली. आता ते सर्व पुन्हा १०० वर न्यायचे आहेत. अठ्ठेचाळीस पॅटर्नपैकी एकतीस झाले, प्रत्येकात सोळा स्टेप एकेक करून बदलाव्या लागतात. सर्व स्टेपचे गेट एकाच वेळी बदलण्याची सोय या सिक्वेन्सरमध्ये नाही, आणि चौथे पत्र मी त्यासाठीच पाठवले आहे.