मोबाईल, गावचा शूटिंगवाला की मुंबईची टीम? होमस्टे आणि आंबेवाल्यांसाठी

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याजवळच्या आमच्या होमस्टेसाठी मी तिन्ही प्रकार करून पाहिलेत. त्यामुळे कुणी "व्हिडिओ कुणाकडून करून घेऊ?" असं विचारलं, की मी आधी उलट विचारते: जे टिपायचंय ते उद्या पुन्हा होणार आहे का?

आई बिडाच्या तव्यावर घावणे घालते ते रोज होतं. आज हात हलला तर उद्या घ्या. अशा गोष्टींना मोबाईल पुरतो, आणि पुष्कळदा तोच बरा पडतो. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन चुलीपाशी उभा राहिला की आई पदर सारखा करत बसते. माझ्यासमोर ती आडाळ्यावर (विळीवर) नारळ खवणता खवणता शेजारणीशी बोलत असते. आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ म्हणजे तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आणि घावण्याला पडत जाणारी जाळी. वीस सेकंद, संगीत नाही.

पण मोबाईलवर पहिले चार महिने मी वाया घालवले, ते आवाजापायी. किनाऱ्यावर उभी राहून खोल्यांची माहिती सांगितली, घरी येऊन दाखवली. आई म्हणाली, "गो, वाऱ्याचोच आवाज येता, तुझो येनाच नाय." तेव्हा नवा फोन घेण्याआधी केसाळ टोपी असलेला वायरलेस कॉलर माईक घ्या. खोलीत ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याला हे जुळतं. बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा.

आणि वेळ. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, सकाळी तो माडांच्या मागून वर येतो. म्हणून सकाळी समुद्राकडे तोंड करून शूट केलं तर होड्यांवर, माणसांच्या चेहऱ्यांवर सरळ उजेड पडतो आणि पाण्याला रंग येतो. संध्याकाळी त्याच जागी सगळे काळे ठिपके. पाहुण्यांना संध्याकाळ आवडते, पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचे चेहरे हवे असतील तर सकाळीच जा.

आता जे पुन्हा होणार नाही ते. उद्घाटन, लग्न, गावची जत्रा, शिमग्याची पालखी. इथे मोबाईलवर विसंबू नका. ऐन वेळी फोन येतो, मेमरी भरते, मे महिन्याच्या उन्हात फोन तापून कॅमेराच बंद पडतो. गावातला किंवा तालुक्याचा शूटिंगवाला घ्या. त्याचा मोठा गुण असा, की पालखी कुठल्या खळ्यात (अंगणात) नाचणार, दशावतारात कुठल्या पात्राचा प्रवेश जोरात होणार, हे त्याला ठाऊक असतं. तो आधीच जागा धरून उभा असतो. मानकऱ्यांना विचारायचं कसं आणि कॅमेरा कुठे न्यायचा नाही, हेही त्याला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मग लोकांची डोकीच मिळतात.

त्याची खोड म्हणजे लग्नाची सवय. सगळं स्लो मोशन, वर सिनेमाचं गाणं. ते गाणं घालून व्हिडिओ टाकलात तर आवाज बंद केला जाऊ शकतो, आणि इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्याला तशीही गाणी मोजकीच मिळतात. आधीच सांगा: गाणं नको, जागेवरचा आवाज ठेव. रीलसाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर तेही शूटच्या आधी बोला, नाहीतर आडव्या चौकटीत दोन टोकांना उभी असलेली माणसं नंतर कापली जातात.

इथे मी ठेच खाल्ली आहे. आमच्या नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला ज्याला बोलावलं त्याने एकच कॅमेरा आणला, आवाज कॅमेऱ्यावरच्या माईकचा. भाषणं झाली, आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला तो मागचा जनरेटर. दोष माझाही, मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दोन प्रश्न विचारते: कॅमेरे किती, आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घेणार का, म्हणजे भाषणाच्या माईकचा आवाज वायरने सरळ रेकॉर्ड करणार का? दुसऱ्यावर जो गोंधळतो त्याला मी काम देत नाही. थेट प्रक्षेपण हवं असेल तर आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी अपलोडचा वेग मोजा. पाच-सहा एमबीपीएस सतत मिळत नसेल तर नाद सोडा.

मुंबई-पुण्याची टीम? चित्र निःसंशय देखणं. पण येण्याजाण्याचे दिवस, राहणं-जेवण तुमच्याच माथी, आणि तारीख त्यांची. आमच्याकडे मे महिन्यात आले, आकाश पांढरंफटक. पाऊस सरतानाचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हिरवा कोकण त्यांना मिळालाच नाही. आंबेवाल्यांनी तर दोनदा विचार करावा: मोहोर थंडीतला, पेटी मार्च ते मेमधली, मध्ये राखणी आणि फवारण्या. एका फेरीत हे बसत नाही. वेबसाइटच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं राहील असा एकच दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असेल, तरच तो खर्च करा.

ड्रोन तिघांकडेही असू शकतो. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून तो कुठेही उडवता येतो असं नाही. चिपीचा विमानतळ जवळ असल्याने मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय उडवू देऊ नका. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथली परवानगी वेगळी.

पैसे तिघांपैकी कुणालाही द्या, पण शेवटचा हप्ता मूळ फुटेज आपल्या डिस्कवर उतरवून घेतल्यावरच. लग्नसराईत एडिटिंग मागे पडतं, आणि गणपतीच्या सुमारास आपल्याला जाग येते तोवर त्याने कार्ड पुसलेलं असतं.