वाचन-आकलनासाठी शिक्षकाचे चार प्रकारचे प्रश्न की मुलांचेच प्रश्न?

मुलं धडा घडाघडा वाचतात आणि ‘काय वाचलंस?’ म्हटलं की गप्प बसतात. पाचवी ते आठवीला मराठी शिकवणाऱ्यांना हे नवं नाही. यावर प्रश्नांच्या दोन पद्धती आहेत आणि मी दोन्ही वर्गात वापरल्या आहेत.

पहिली टॅफी राफाएल या वाचन-संशोधकांची, १९८०च्या दशकातली. उत्तर कुठे सापडेल हे मुलानं आधी ओळखायचं: एकाच वाक्यात, दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं, मजकुराला आपल्या विचाराची जोड देऊन, की निव्वळ स्वतःजवळ. दुसरी पालिन्सार आणि ब्राउन या संशोधकांची, १९८४ची. यात गटातली मुलं आळीपाळीनं शिक्षक होतात. अंदाज बांधतात, प्रश्न विचारतात, अडलेलं सोडवतात, सारांश सांगतात.

मी बहुतेक वेळा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा उतारा घेतो. आपल्या सोलापूरचा माणूस, त्यामुळे मुलं कान देतात. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. बाकीचे परतले, कोटणीस थांबले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ‘चीनला केव्हा गेले?’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. ‘तिथं साधारण किती वर्षं राहिले?’ याला दोन वाक्यं जोडावी लागतात. ‘का थांबले असतील?’ इथं मूल खरा विचार करायला लागतं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य जसंच्या तसं उतरवायची सवय या पद्धतीनं बऱ्यापैकी मोडते. तयारी कमी लागते आणि साठ मुलांच्या वर्गातही जमतं.

मला खटकलं ते वेगळंच. काही दिवसांनी वर्गात वाद सुरू होतात ते ‘सर, हा तिसरा प्रकार की चौथा?’ यावर. ‘का थांबले असतील?’ या प्रश्नावर मुलं हिरिरीनं भांडली, पण प्रकार कोणता यावरून. कोटणीस बाजूलाच राहिले. फळ्यावर प्रकार बरोबर लिहिला की काम झालं, असं त्यांना वाटू लागतं. समजावून पाहिलं, थोडा फरकही पडला, पण ही खोड पूर्ण जात नाही. इतर शिक्षकांना कदाचित हा त्रास होत नसेल.

दुसऱ्या पद्धतीत गोंगाट होतो, हे मान्य. सुरुवातीला सगळे प्रश्न ‘कोण, कुठे, केव्हा’ याच्या पुढे जात नाहीत, आणि सारांशापर्यंत पोचण्याआधी तास संपतो. तरी ‘अडलेलं सोडवणं’ ही पायरी आपल्याकडे फार मोलाची आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, काही मुलांच्या घरी कन्नड. ‘पथक म्हणजे काय?’ हे माझ्यासमोर हात वर करून विचारायला अशी मुलं लाजतात. गटात तो प्रश्न विचारणं हेच त्यांचं काम असतं. शेजारचा मुलगा अर्थ तेलुगूत सांगतो, मग दोघं मिळून मराठीत वाक्य करतात. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुलगी त्या दिवशी गटाची शिक्षिका असते आणि विचारते, ‘त्यांच्या आईला काय वाटलं असेल?’ असा प्रश्न माझ्या यादीत कधीच नव्हता.

दोन्ही एकत्र चालतात, आणि परीक्षा तोंडावर असेल तर पहिलीच सोयीची. पण निवांत सत्र हाती असेल, तर माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. आधी चार-पाच मुलांचा एकच गट समोर बसवा, बाकीच्यांना नुसतं ऐकू द्या. गटाची रीत त्यांच्या अंगवळणी पडली की वर्गाचे गट करा. राफाएल यांचे प्रकार मुलांना न सांगता स्वतःजवळ ठेवा. एखाद्या गटाचे प्रश्न ‘केव्हा’वरच अडले की त्यांना पुढे न्यायला ते उपयोगी पडतात.