पोर्तुगीज रुपियांच्या खरेदीत झालेली फसवणूक

गोव्यातील जुन्या घरांतून पोर्तुगीज काळातील नाणी अजूनही निघतात, आणि नेमक्या ह्याच गोष्टीचा आधार घेऊन समाजमाध्यमावर नाणी विकणाऱ्या एका इसमाने मला फसवले. सासष्टीतील एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातली जुन्या नाण्यांची पेटी वारसांनी विकायला काढली आहे, असे त्याचे सांगणे होते. त्याची पद्धत इतर संग्राहकांना कळावी म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

प्रथम त्याने लुईश राजाचा १८८१ चा चांदीचा रुपिया पाठवला, तोही पैसे नाणे हाती पडल्यावर द्यावेत, ह्या बोलीवर. ही नाणी १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली, त्यामुळे त्यांचे वजन आणि चांदीचा कस ब्रिटिश रुपयाप्रमाणेच आहे. फोंड्यातील आमच्या शेटांनी, म्हणजे सोनारांनी, नाणे काट्यावर ठेवले, तेव्हा वजन ११.६६ ग्रॅमच्या अगदी जवळ भरले आणि चांदीही खरी निघाली. विक्रेत्याला हेच हवे होते, कारण पहिले नाणे अस्सल मिळाले की गिऱ्हाईक पुढच्या व्यवहारात आगाऊ पैसे द्यायला कचरत नाही.

तरीही त्या पहिल्या नाण्यातसुद्धा लबाडी होतीच. ‘यूएनसी’, म्हणजे चलनात कधीच न फिरलेले, म्हणून विकलेले ते नाणे प्रत्यक्षात झिजलेले आणि पॉलिश केलेले होते. टांकसाळीतून आलेली मूळ चकाकी असली, तर नाणे दिव्याखाली तिरके फिरवताना प्रकाशाचे पट्टे त्याच्यावरून चक्राकार सरकतात. ह्या नाण्याची चमक मात्र सगळीकडे सारखी आणि मेलेली होती. भिंगातून पाहता राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसत होते आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकली होती. नाणी पारखून त्यांची श्रेणी ठरवणाऱ्या नामांकित ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला अंकांतली श्रेणी देत नाहीत, फक्त ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि संग्राहकांत त्याची किंमत बरीच उतरते. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने घासतात तशी नाणी घासणारी घरे आजही आहेत. अशांनी तरी कृपया हात आवरावा, कारण एकदा गेलेला मूळ पृष्ठभाग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

खरा घाव कार्लुश राजाच्या १९०४ च्या रुपियाने घातला. किंमत कितीतरी पटींनी जास्त, पैसे आगाऊ, आणि सोबत ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीतल्या नाण्याचा फोटो. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर बरोबर सापडला, आणि तो सापडणारच होता, कारण फोटो दुसऱ्याच कोणाच्या नाण्याचा होता. कुरिअरात डबी फुटते ह्या सबबीखाली माझ्याकडे आलेले नाणे सुटे होते. त्याचे वजन दोन ग्रॅमांहून अधिक कमी भरले, कडेच्या दात्यांवरून साच्याची बारीक शीव गेली होती, आणि राजाच्या मिशीचे केस वेगळे दिसण्याऐवजी मेण वितळल्यासारखे एकजीव झाले होते.

वजन बरोबर भरले, तरी धातू तपासावा. नाजूक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. अस्सल रुपिया असेल, तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो. पैसे देण्यापूर्वी मात्र नाणे काट्यावर ठेवल्याचा आणि दिव्याखाली फिरवल्याचा व्हिडिओ मागावा, त्यात आपण सांगू तो शब्द कागदावर लिहून नाण्याशेजारी ठेवायला लावावा. डबीतले नाणे डबीतच घ्यावे आणि संकेतस्थळावरील फोटोशी त्याचा एकेक डाग ताडून पाहावा.

पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणारे आणि त्यासाठी आधी शुल्क मागणारे लोक तर सरळ भामटे आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच त्यांच्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० ह्या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधीच ती गोठवता येते. माझी तक्रार नोंदवली गेली आहे, रक्कम अजून मिळालेली नाही. त्या विक्रेत्याचे खाते बंद झाले असले, तरी १९०४ च्या रुपियाचा तोच फोटो, डबीवरच्या त्याच क्रमांकासह, आता दुसऱ्या नावाने फिरत आहे आणि पेटी ह्या वेळी बार्देशातल्या घरात निघाली आहे.