पहिली राफ्टिंग सहल: डोहांची नदी घ्यावी की सलग खळाळ?

पहिल्यांदा राफ्टिंगला जायचं ठरलं की बहुतेक वेळा समोर दोन सहली येतात. एकीवर लिहिलेलं असतं ग्रेड दोन, दुसरीवर ग्रेड तीन. ग्रेड म्हणजे पाणी किती अवघड, त्याची श्रेणी. लगेच दोन तट पडतात. ज्याला थरार हवा तो तीनवर बोट ठेवतो, ज्याच्या पोटात आधीच गोळा आलाय तो दोनला चिकटून बसतो आणि उरलेले तळ्यात-मळ्यात करत राहतात. मला हा सगळा वाद चुकीच्या आकड्यावर चाललेला वाटतो. रॅपिड, म्हणजे फेसाळत्या वेगवान पाण्याचा टप्पा, केवढा आहे हे नंतर बघू. तो संपल्यावर पुढे काय आहे, हे आधी विचारा. नवख्याचा दिवस तिथे ठरतो.

जिना आणि घसरगुंडी

राफ्टिंगच्या नद्यांचे ढोबळ दोन स्वभाव असतात. पहिली डोहांची नदी. पाणी एखाद्या दगडी उंबऱ्यावरून किंवा चिंचोळ्या जागेतून खाली येतं, तिथे चार-सहा लाटा, फेस, कान भरून टाकणारा आवाज, आणि लगेच पुढे रुंद, खोल, संथ डोह. थोडं अंतर वल्हवत जायचं, की पुन्हा उतार आणि पुन्हा डोह. दुसरी सलग वाहणारी नदी. तिचा उतार सगळीकडे सारखा वाटलेला असतो. फार मोठी लाट कुठेच नाही, पण पाणी दमही खात नाही. काठाच्या खडकांआड पाणी उलटं फिरून जरा थांबतं, तेवढ्याच काय त्या विसाव्याच्या जागा. गाइड त्यांना एडी म्हणतात.

आता गंमत बघा. दोन्ही नद्या एका किलोमीटरमध्ये समजा सारख्याच उंचीने खाली उतरतात. पहिलीने तो उतार चार पायऱ्यांत गोळा केलेला असतो, म्हणून प्रत्येक पायरी उठून दिसते आणि ग्रेड वरचा मिळतो. दुसरीने तोच उतार घसरगुंडीसारखा पसरलेला असतो, म्हणून ग्रेड खालचा. जाहिरातीत तर बहुधा त्या पट्ट्यातल्या सगळ्यात अवघड रॅपिडचा ग्रेड झळकतो. दोन रॅपिडांच्या मधल्या पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

खुद्द ग्रेडची पद्धत मात्र या बाबतीत बरीच प्रामाणिक आहे. आंतरराष्ट्रीय श्रेणीत एक ते सहा अशा पायऱ्या आहेत आणि त्यांच्या वर्णनात लाटांइतकाच पाण्यात पडलेल्या माणसाचा विचार केलेला आहे. दुसऱ्या ग्रेडला पडणाऱ्याला सहसा इजा होत नाही आणि दुसऱ्यांची मदतही क्वचितच लागते. तिसऱ्यालाही इजा विरळाच, पण माणूस लांबवर वाहत जाऊ नये म्हणून सोबतच्यांनी हात द्यावा लागू शकतो. चौथ्यापासून इजेची शक्यता ठळकपणे वाढते, म्हणून पहिल्या सहलीला चार आणि त्यावरचं काहीही नको. तिसऱ्या ग्रेडच्या वर्णनातलं ते ‘लांबवर वाहत जाणं’ लक्षात ठेवा, कारण डोह नेमका तेच होऊ देत नाही.

पडलात तर

पडणं हा राफ्टिंगचा भाग आहे, अपघातच असं नाही. मी पहिल्यांदा पडलो तेव्हा एका रॅपिडच्या शेवटच्या, अगदी किरकोळ लाटेला. सगळे जण जिंकल्यासारखी वल्ही उंचावत होते आणि मी बाहेर. नाकात पाणी गेलं, एका हाताने वल्हं घट्ट धरलेलं होतं, आणि काही कळायच्या आत मी एका डोहात तरंगत होतो. पाणी जवळजवळ स्थिर. मागून राफ्ट आली, दोघांनी लाइफ जॅकेटचे खांदे धरून मला पोत्यासारखं आत ओढलं. एवढीच गोष्ट. आजही लोकांना सांगताना हसू येतं.

हेच सलग नदीवर झालं असतं तर? थोडा हिशेब करू. पाणी सेकंदाला अडीच मीटरने वाहत असेल, तर एका मिनिटात तुम्ही १५० मीटर पुढे गेलेले असता. शंभर मीटर ४७ सेकंदांत पोहणारा ऑलिंपिकच्या तोडीचा जलतरणपटूसुद्धा सेकंदाला साधारण २.१ मीटरच जातो. म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहून राफ्ट गाठणं कोणालाच शक्य नाही. ‘मला चांगलं पोहता येतं’ हा आत्मविश्वास इथे फारसा कामाला येत नाही. काठावरून किंवा दुसऱ्या राफ्टमधून दोर भरलेली पिशवी फेकतात, पण तो दोर असतो साधारण १५ ते २० मीटरचा. या वेगाला तुम्ही त्याच्या टप्प्यात राहता मोजके काही सेकंद. नेम चुकला की पुढच्या एडीची वाट बघायची.

म्हणून डोहांची तीन ग्रेडची नदी पुष्कळ नवख्यांना सलग दोन ग्रेडच्या नदीपेक्षा सोपी जाते. घाबरायला होतं ते वीस-तीस सेकंद, मग श्वास घ्यायला, हसायला, चष्मा शोधायला वेळ मिळतो. सलग नदीवर भीती कमी वाटते, पण एकदा वाटायला लागली की तिला उतरायला जागा नसते.

तरीही सलग नदीची एक बाजू घ्यायलाच हवी. तिच्यावर तुम्ही खरोखर वल्हवायला शिकता. डोहांच्या नदीवर मिनिटभर जोर लावायचा आणि दहा मिनिटं गप्पा मारत तरंगायचं असं चालतं. सलग नदीवर गाइडच्या ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ला तासन्‌तास प्रतिसाद द्यावा लागतो, आणि दुपारपर्यंत सहा अनोळखी माणसांची वल्ही एका लयीत पडू लागतात. ती मजा वेगळीच. ज्यांना नुसतं बसून राहायचा कंटाळा येतो, त्यांना डोहांची नदी मधेमधे रटाळ वाटेल.

पडल्यावर काय करायचं ते दोन्हीकडे सारखंच. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर, म्हणजे खडक आला तर तळपाय आधी लागतील. वाहत्या पाण्यात उभं राहू नका, पाणी मांडीपर्यंतच का असेना. तळाच्या दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे लोटून पालथं पाडतं. सगळ्या सूचनांत ही एक सूचना जिवाची आहे. दोर आला तर पिशवी नाही, दोर धरा. तो खांद्यावरून छातीशी घ्या, आणि हाताला कधीही गुंडाळू नका. निघण्याआधी संथ पाण्यात मुद्दाम उडी मारून हे सगळं करवून घेणारी सहल मिळाली, तर डोळे झाकून तीच घ्या. अशा सरावाला जागा लागते आणि डोहांच्या नदीवर ती आयती असते.

पाणी वाढलं की नदी बदलते

इथवरचं सगळं पाणी नेहमीच्या पातळीला आहे असं धरून. पाणी चढलं की डोहांची नदी स्वभाव बदलते. काही रॅपिड बुडून सपाट होतात आणि डोह वाहू लागतात. जिन्याची घसरगुंडी होते. विसर्गाचे आकडे आपण क्युसेकमध्ये ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ टनांहून जास्त पाणी तुमच्या राफ्टजवळून जातंय. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून ‘थोडंसंच वाढलंय’ या शब्दांवर विसंबू नका. नेमक्या त्याच पातळीवर ही सहल नवख्यांना नेतात का, ते विचारा.

इथे दुसरी तुलना आपोआप येते. धरणाच्या विसर्गावर चालणारी नदी की पावसा-बर्फावर चालणारी मोकळी नदी? विसर्गाच्या नदीचं वेळापत्रक असतं. किती पाणी, कधी सुटणार, हे आधी ठाऊक असल्याने गाइडला तिची रोजची ओळख असते. नवख्यासाठी हा मोठा गुण. दोष असा की जलाशयाच्या तळाकडून सोडलेलं पाणी ऐन उन्हाळ्यातही बोचरं गार असू शकतं. मोकळी नदी कालच्या पावसावर किंवा आजच्या उन्हावर अवलंबून. बर्फाच्या नदीत दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर येऊन पोचतं, तेव्हा सकाळची आणि संध्याकाळची नदी एक नसते. तिथे सकाळची फेरी घ्यावी.

गार पाण्याला हलक्यात घेऊ नका. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि पहिल्या मिनिटाला धाप अशी लागते की श्वास ताब्यात राहत नाही. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर नदी एक ग्रेड वरची समजावी, असा राफ्टिंगवाल्यांत जुना संकेत आहे. तेव्हा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब धरून ठेवणारा घट्ट रबरी पोशाख, देतात का, हेही विचारा. सुती कपडे घालून जाऊ नका, ओला सुती शर्ट अंगाला गार फडक्यासारखा चिकटतो.

तिसरा पर्याय माणसाने बांधलेल्या प्रवाहाचा. जर्मनीत आउग्सबुर्गला १९७२च्या ऑलिंपिकसाठी कालवा बांधला गेला. लंडनजवळ ली व्हॅलीला २०१२च्या ऑलिंपिकसाठी पंपांवर चालणारा ३०० मीटरचा प्रवाह तयार झाला आणि तिथे सामान्य लोकही राफ्टिंग करतात. खाली पोचलं की सरकता पट्टा राफ्टसकट वर नेऊन सोडतो. एकच रॅपिड तासाभरात कितीदा तरी करता येतो, त्यामुळे शिकायला उत्तम. पण ती सहल नव्हे. नदीचं वळण, अचानक दिसणारा खंड्या, काठावरचं झाड यातलं तिथे काही नाही.

कोणत्या होडीत बसायचं

नदी ठरली की हे सोपं आहे. पॅडल राफ्टमध्ये सगळे वल्हवतात, मागे गाइड दिशा सांभाळतो. पहिल्या सहलीला हीच घ्या. कडेच्या फुगीर भागावर बसायचं, पाय आतल्या आडव्या नळीखाली सरकवायचे पण अडकवायचे नाहीत. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची मूठ असते, तिच्यावरचा हात कधी सोडायचा नाही. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते, हा गाइडांचा ठरलेला विनोद आहे आणि त्यात तथ्य आहे. लाट आली की अंग चोरून वल्हं उचलू नका. पाण्यात रोवलेलं वल्हं हाच सगळ्यात चांगला आधार.

ओअर राफ्टमध्ये गाइड एकटाच चौकटीवर बसून दोन लांब वल्ही मारतो आणि बाकीचे धरून बसतात. गुडघे दुखणारे, वयस्कर किंवा फारच घाबरलेले कोणी सोबत असेल तर ही बरी. यातली एक खुबी मला फार आवडते. १८६९मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकन संशोधकाची तुकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीतून खाली गेली तेव्हा वल्हेकरी पुढच्या लाटांकडे पाठ करून बसत. नाथानिएल गॅलोवे या सापळे लावून शिकार करणाऱ्या अमेरिकन माणसाने १८९०च्या दशकात होडीच वळवली आणि येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उलटं वल्हवायला सुरुवात केली, म्हणजे वेगही कमी होतो आणि समोरचा खडकही दिसतो. आजचे ओअर राफ्टचे गाइड असेच बसतात.

एक-दोघांची फुगवलेली कयाक, म्हणजे छोटी निमुळती होडी, पहिल्या दिवशी घ्यायची असेल तर फक्त ग्रेड एक-दोनला, उबदार पाण्यात आणि मधे डोह असतील तर. त्यात गाइड शेजारी नसतो, आणि पडणार हे जवळपास नक्की.

मग घ्यायचं काय?

पोहता न येणारा माणूस, शाळकरी मुलं किंवा मनातून धास्तावलेलं कोणी गटात असेल तर डोहांची, विसर्गावर चालणारी, ग्रेड दोन ते तीनची नदी आणि पॅडल राफ्ट. सोबत एखादा कयाकवाला चालत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पडलेल्यांना डोहात गोळा करायचं काम तोच करतो. अंगात रग असलेली, पाण्याला सरावलेली मंडळी असतील तर सलग ग्रेड दोन, पण पाणी फार गार नसताना. सलग ग्रेड तीन पहिल्या सहलीला मी कोणालाही सुचवणार नाही, तिथे ‘नवख्यांसाठी’ असं कितीही ठळक लिहिलेलं असलं तरी.

दिवसभराची की अर्ध्या दिवसाची, यावर फार डोकं खपवू नका. दिवसभराच्या सहलीतही बराच वेळ ये-जा, कपडे, सूचना आणि जेवणात जातो. मुलं असतील तर अर्धा दिवस पुरे. गारठलेलं मूल तिसऱ्या तासाला कोणत्याच नदीवर खूश नसतं.

जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट नाकापर्यंत सरकलं तर बदलून घ्या, आणि पाण्याशी गेल्यावर नाही, तिथेच. आणि नाव नोंदवायच्या आधी फोनवर एवढं विचारा: सगळ्यात मोठ्या रॅपिडनंतर पाणी कसं आहे? पलीकडचा माणूस ‘तिथे मोठा डोह आहे, डाव्या हाताला वाळू आहे, आम्ही तिथेच थांबतो’ असं सांगू लागला तर पैसे भरा. ‘काहीही होत नाही हो, बिनधास्त या’ एवढंच म्हणाला, तर दुसरा फोन लावा.