टायर कोणते: ऑल-टेरेन की मड-टेरेन?
गाडी चिखलात रुतली की खाली वाकून चाक बघा. नक्षीच्या खाचा मातीने गच्च भरलेल्या असतात आणि टायर जागच्या जागी गरागरा फिरत असतो. मड-टेरेन म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचे मोठे ठोकळे आणि रुंद खाचा इथेच कामाला येतात: चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते, पुन्हा पकड मिळते. ऑल-टेरेन म्हणजे सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या खाचा अरुंद, लवकर बुजतात.

पण रोजचा रस्ता डांबरी असेल तर मड-टेरेनची घरघर डोकं उठवते, इंधनही जास्त लागतं. शिवाय ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑल-टेरेनच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावर, बर्फावर त्याच पकड देतात. बर्फात जाणार असाल तर टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह शोधा. चिखल क्वचितच लागत असेल तर बिनधास्त ऑल-टेरेन घ्या.

वाळूत मात्र नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. दाब ३५ वरून १८-२० पीएसआयवर आणला की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरते. डांबरावर परतताना हवा आठवणीने भरा.